चंद्रानं वाढवलेली चार गाणी

आधी एक सोपं गणित. एका कवीनं ठरवलं, की या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवं गाणं लिहायचं. वर्षात आठवडे ५२. मग गाणी किती होतील?

“बावन्न!” असंच म्हणालात ना? रेडिओवाल्यांचा हिशेबही तोच होता. पण वर्ष संपलं तेव्हा गाणी झाली होती ५६. मग ही वरची चार गाणी वाढवली कुणी? चंद्रानं!

आता दुसरं कोडं. ही गाणी पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून सकाळी पावणेनऊला लागायची. समजा, त्याच वेळी वर्ध्याजवळच्या सावंगीत (मेघे) एखाद्या मुलीनं रेडिओचं बटण फिरवलं असतं, तर तिला पुण्याचं ते गाणं ऐकू आलं असतं का? याचं उत्तर आहे सूर्याकडे.

गाण्याच्या कार्यक्रमात चंद्र-सूर्याचं काय काम, असं वाटतंय? त्यासाठी आपल्याला १९५५ सालात जावं लागेल.

तेव्हाची सावंगी, तेव्हाचं जग

आज सावंगी (मेघे) म्हटलं की मोठं रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि पांढरे कोट घातलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर येतात. हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं १९९० मध्ये. १९५५ साली यातलं काहीच नव्हतं. वर्धा शहर जवळच होतं आणि जिल्हाभर कापसाची शेती होती.

आणखी एक गंमत ऐका. तेव्हा वर्धा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, कारण महाराष्ट्र राज्यच अजून जन्मलं नव्हतं! वर्धा होतं मध्य प्रदेशात आणि त्या राज्याची राजधानी होती आपलं नागपूर. पुणे होतं मुंबई राज्यात. म्हणजे सावंगीची मुलं आणि पुण्याची मुलं मराठीच बोलायची, पण राहायची दोन वेगळ्या राज्यांत.

कलेच्या दृष्टीनं १९५५ हे फार श्रीमंत वर्ष. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ याच वर्षी पडद्यावर आला. व्ही. शांताराम यांचा नाचगाण्यांनी भरलेला ‘झनक झनक पायल बाजे’ हा रंगीत चित्रपटही याच वर्षीचा. साहित्य अकादमीचे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेही १९५५ मध्येच. मराठीसाठीचा पहिला पुरस्कार मिळाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला.

पण चित्रपट किंवा पुस्तक गावापर्यंत यायचं कसं? कुणीतरी उचलून आणल्याशिवाय नाही! चित्रपटाची फिल्म एका मिनिटाला सुमारे ९० फूट सरकते. अडीच तासांच्या चित्रपटाची फिल्म उलगडून ठेवली, तर चार किलोमीटरहून लांब भरेल. ती रिळांवर गुंडाळायची, पत्र्याच्या डब्यांत भरायची आणि रेल्वेनं नाहीतर मोटारीनं एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवायची. मुंबईत लागलेला चित्रपट लहान गावात पोचेपर्यंत कितीतरी दिवस जायचे.

त्या वर्षातली एक कला मात्र डब्यात भरावी लागत नव्हती. ती गाडीची वाट बघत नव्हती आणि राज्याच्या सीमेवर थांबतही नव्हती. ती कला म्हणजे रेडिओवरचं गाणं.

पस्तिशीतले दोन मित्र

पुण्याचं आकाशवाणी केंद्र तेव्हा अगदी नवं होतं. ते सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. आणि विदर्भातल्या मुलांनो, तुम्हाला हे आवडेल: आपलं नागपूर केंद्र त्याच्याही आधीचं! ते सुरू झालं १६ जुलै १९४८ रोजी.

पुणे केंद्रावर सीताकांत लाड नावाचे अधिकारी होते. नव्या केंद्रावरून लोकांना आवडेल आणि मनात काही चांगलं रुजवेल असं काहीतरी करावं, असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांना सांगितलं. माडगूळकर म्हणजे गदिमा. रामाची गोष्ट गाण्यांमधून सांगायची ठरली. चाली लावायच्या सुधीर फडके यांनी. रामाच्या तोंडची गाणीही फडक्यांनीच गायली. गदिमा आणि फडके, दोघेही १९१९ साली जन्मलेले. म्हणजे तेव्हा दोघेही ३५ वर्षांचे!

१ एप्रिल १९५५. वार शुक्रवार, तिथी रामनवमी. त्या दिवशी ‘गीतरामायणा’चं पहिलं गाणं प्रसारित झालं. असं सांगतात, की ते पहिलंच गाणं ऐन वेळी हरवलं होतं. कागद सापडेना, वेळ तर होत आलेली. गदिमा रागावले. मग लाडांनी त्यांना कागद-पेन देऊन एका खोलीत बसवलं आणि थोड्याच वेळात गाणं पुन्हा कागदावर उतरलं! वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं द्यायचं म्हणजे केवढी धावपळ असेल, विचार करा. आधी कवितेचे शब्द हवेत. मग चाल लागायची, वादकांची तालीम व्हायची, गायकाच्या गळ्यात गाणं बसायचं आणि मग आठवड्याचा तो शुक्रवार हजर! शनिवारी आणि रविवारी सकाळी तेच गाणं पुन्हा ऐकवत.

किती मोठमोठे गायक त्यात गायले! माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे. आणि वसंतराव देशपांडे. वसंतराव आपल्या विदर्भाचे. जन्म अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा आणि गाण्याचं शिक्षण सुरू झालं नागपुरात.

लोकांना हा कार्यक्रम इतका आवडला, की कितीतरी घरांत गाणं सुरू होण्याआधी रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. गाण्याचे शब्द वर्तमानपत्रांत छापून येत. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता, ते शेजारच्यांकडे जाऊन बसत.

मग चंद्रानं काय केलं?

आता आपलं पहिलं कोडं सोडवूया. कार्यक्रम रामनवमीला सुरू झाला आणि रामनवमीलाच संपणार होता. रामनवमी म्हणजे चैत्र शुद्ध नवमी. ही तिथी चंद्रावरून ठरते.

एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात. नेमकं सांगायचं तर सरासरी २९.५३ दिवस. हा झाला चंद्राचा महिना. असे १२ महिने म्हणजे ३५४ दिवस. पण पृथ्वी सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करते ३६५ दिवसांत. म्हणजे चंद्राचं वर्ष दर वेळी ११ दिवसांनी लहान पडतं.

हे असंच चालू दिलं, तर काय होईल? सण ऋतूंमधून मागे मागे सरकत जातील. दिवाळी पावसाळ्यात येईल, पुढे ऐन उन्हाळ्यात! हिजरी कालगणनेत महिने असे सरकू देतात, म्हणून रमजान ईद कधी थंडीत येते, कधी उन्हाळ्यात. आपल्या पंचांगात मात्र चंद्राचं आणि सूर्याचं गणित जुळवून घेतात. ११-११ दिवस साठत गेले, की साधारण दर ३२-३३ महिन्यांनी एक अख्खा महिना जास्तीचा घालतात. तो अधिक महिना.

हा महिना कुठे घालायचा, ते कुणी मनानं ठरवत नाही. सूर्य दर महिन्याला एका राशीतून पुढच्या राशीत जातो, त्याला संक्रांत म्हणतात. ज्या चांद्रमहिन्यात एकही संक्रांत येत नाही, तो अधिक. १९५५ साली तो आला भाद्रपदात. म्हणजे आधी अधिक भाद्रपद आणि मग आपला नेहमीचा, गणपतींचा भाद्रपद. गणपतीसुद्धा त्या वर्षी उशिराच आले!

त्यामुळे या दोन रामनवमींच्या मध्ये चंद्राचे १२ नाही, तर १३ महिने बसले. आता वही-पेन्सिल घ्या.

२९.५३ ला १३ नं गुणा. उत्तर येतं ३८३.८९, म्हणजे जवळजवळ ३८४ दिवस.

पुढची रामनवमी होती १९ एप्रिल १९५६ रोजी. १ एप्रिल १९५५ पासून १ एप्रिल १९५६ पर्यंत ३६६ दिवस, कारण १९५६ हे लीप वर्ष होतं. त्यात आणखी १८ मिळवा. किती झाले? ३८४! चंद्राचं गणित आणि कॅलेंडरचं गणित अगदी एका दिवसावर येऊन भेटलं.

आता या काळातले शुक्रवार मोजा. पहिला १ एप्रिल १९५५ चा, शेवटचा १३ एप्रिल १९५६ चा. एकूण शुक्रवार भरतात ५५. आणि शेवटची रामनवमी होती गुरुवारी. ५५ शुक्रवार आणि वर रामनवमीचा एक गुरुवार. बेरीज करा: ५६!

पाहिलंत? आकाशात चंद्र आपल्या चालीनं फिरत होता आणि खाली पुण्यात कवीला त्याच्यामुळे चार गाणी जास्त लिहावी लागली. मराठीला ती चार गाणी जास्त मिळाली.

आवाजाला पंख कसे फुटतात?

आता दुसरं कोडं. पुण्यापासून सावंगीपर्यंत सरळ रेषेत अंतर आहे साधारण ५५० किलोमीटर. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समजा, एखाद्याचा आवाज इतका प्रचंड आहे की तो पुण्याहून थेट सावंगीला ऐकू येईल. तरीही तो पोचायला किती वेळ लागेल? जवळजवळ २७ मिनिटं! कार्यक्रम तर पंधरा मिनिटांचाच. म्हणजे पुण्यात गाणं संपून सगळे उठून गेल्यावर सावंगीत पहिला सूर यायचा.

रेडिओचं काम वेगळं आहे. गायक मायक्रोफोनसमोर गातो. आवाजानं हवा थरथरते, तिच्यामुळे मायक्रोफोनमधला पातळ पडदा थरथरतो आणि त्या थरथरीसारखीच कमी-जास्त होणारी वीज तारेतून धावायला लागते. पण ही वीज तशीच आकाशात सोडून चालत नाही. गायकाचा षड्ज हार्मोनियमच्या ‘काळी एक’वर असेल, तर खालच्या सप्तकात हवा सेकंदाला सुमारे १३९ वेळा थरथरते. इतक्या सावकाश थरथरणाऱ्या विजेची लहर दूरवर पाठवायची, तर शेकडो किलोमीटर लांबीचा अँटेना लागेल!

म्हणून केंद्रात एक दुसरी, फार वेगानं थरथरणारी लहर तयार करतात. तिला वाहक लहर म्हणतात. पुणे केंद्राची पुढे ओळखीची झालेली लहर सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा थरथरते, नागपूरची ५ लाख ८५ हजार वेळा. म्हणूनच निवेदक ७९२ किलोहर्ट्झ, ५८५ किलोहर्ट्झ असे आकडे सांगतात. शेतातला कापूस बंडीत भरून वर्ध्याच्या जिनात न्यावा, तसं गाणं या वाहक लहरीवर लादून पाठवायचं. गाण्याच्या थरथरीबरोबर लहरीची उंची कमी-जास्त होत राहते: गाणं मोठ्यानं असेल तिथे हा चढउतार मोठा, हळू असेल तिथे लहान. घरातला रेडिओ ही उंची वाचतो, वाहक लहर बाजूला काढून टाकतो आणि उरलेलं गाणं कर्ण्यातून आपल्याला ऐकवतो.

ही लहर धावते प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. पुणे ते सावंगी हे अंतर तिला फक्त ०.००१८ सेकंदाचं. आता हे नीट वाचा. गायकापासून एक मीटरवर हार्मोनियमवाले बसलेत. त्यांच्या कानापर्यंत गायकाचा आवाज हवेतून पोचायला लागतात सुमारे ०.००३ सेकंद. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाशी सूर पोचायच्या आत, त्याच वेळी मायक्रोफोनमधून निघालेली लहर सावंगी ओलांडून पुढेसुद्धा गेलेली असेल!

पण थांबा. “असेल” म्हटलंय. वाटेत कुणी अडवलं नाही तर!

सूर्याची अदृश्य भिंत

पुणे-नागपूरच्या या लहरींना मध्यम लहरी म्हणतात. त्यांना जायला दोन वाटा असतात. एक जमिनीलगतची. ही वाट जमिनीच्या वळणाबरोबर वळते, पण जाता जाता लहर थकत जाते, कारण जमीन तिची ऊर्जा शोषून घेते. नागपूर सावंगीपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. एवढं अंतर ही लहर सहज पार करते. ५५० किलोमीटर मात्र तिला फार लांब पडतं.

दुसरी वाट आकाशातून जाते. १९०१ साली मार्कोनीनं इंग्लंडमधून रेडिओचा संदेश अटलांटिक महासागरापलीकडे पोचवला, तेव्हा सगळ्यांना प्रश्न पडला. पृथ्वी तर गोल, लहर सरळ जाणारी. ती अवकाशात निघून न जाता वळली कशी? पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी वेगवेगळं काम करून एकच उत्तर सुचवलं: वर आकाशात लहरी परत फिरवणारा थर असला पाहिजे. १९२४ साली ॲपलटननं प्रयोगानं तो दाखवून दिला. त्याला १९४७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी आपल्या शिशिरकुमार मित्रांचं वरच्या वातावरणाविषयीचं मोठं पुस्तक कोलकात्यात प्रसिद्ध झालं. जगभरचे शास्त्रज्ञ ते वाचत.

आकाशात असे अनेक थर असतात. त्यांना मिळून आयनांबर म्हणतात. सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण वरच्या विरळ हवेवर आदळतात आणि तिच्या कणांमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. सुट्या इलेक्ट्रॉनांचा हा थर रेडिओ लहरी वाकवून परत जमिनीकडे पाठवतो.

मग तर सूर्य मदतच करतो की! हो, पण दिवसा तो आणखी एक थर तयार करतो. अगदी खाली, जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटर उंचीवर. तिथली हवा वरच्यापेक्षा दाट. मध्यम लहर तिथे पोचली, की इलेक्ट्रॉन हलायला लागतात. पण हलता हलता ते हवेच्या कणांवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. वरच्या थरापर्यंत पोचायच्या आतच लहर गळून पडते.

सूर्य मावळला की चित्र पालटतं. खालच्या थरातले इलेक्ट्रॉन झटपट आपापल्या जागी परत चिकटतात आणि तो थर नाहीसा होतो. उंचावरची हवा इतकी विरळ, की तिथल्या सुट्या इलेक्ट्रॉनांना भेटायला कण लवकर सापडतच नाहीत. म्हणून वरचे थर रात्रभर टिकतात. आता लहर वर जाते, वळते आणि शेकडो किलोमीटर दूर खाली येते.

आता सांगा, सकाळी पावणेनऊला सावंगीतल्या मुलीला पुणे ऐकू आलं असतं का? एप्रिलमधली सकाळ. सूर्य उगवून अडीच तास झालेले. खालचा थर तयार. जमिनीची वाट लांब पडतेय, आकाशाची वाट सूर्यानं बंद केलीय. त्या वेळी थेट पुण्याचं केंद्र ऐकू येणं जवळजवळ अशक्य! तिला स्वच्छ ऐकू आलं असतं नागपूर. आणि रात्री? रात्री तोच रेडिओ, तीच तार, तीच मुलगी. पण आता काटा फिरवला की पुणे, मुंबई, कोलकाता, कुठली कुठली केंद्रं हळूच उमटायला लागली असती. कधी स्पष्ट, कधी विरत जाणारी.

‘गीतरामायण’ विदर्भातही घराघरांत झालंच. सुधीर फडके गावोगावी जाऊन ते गात राहिले, त्याचं पुस्तक निघालं, पुढे ध्वनिमुद्रिका आल्या. सूर्यानं अडवलेल्या वाटा माणसांनी चालून पार केल्या.

बटण फिरवल्यावर

तेव्हाचा रेडिओ कसा असायचा, माहीत आहे? लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, खाली मोठाली बटणं आणि काचेच्या पट्टीवर आकडे. बटण फिरवलं की ‘टक्’ असा आवाज यायचा आणि पट्टीमागचा पिवळा दिवा लागायचा. पण गाणं नाही! पुष्कळदा अर्धा मिनिट थांबावं लागायचं. कारण आत काचेच्या नळ्या असायच्या, त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. नळीतली तार तापून लालसर झाली, की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत आणि मगच रेडिओ कामाला लागे. आधी घरघर, मग दुरून यावा तसा आवाज आणि मग गाणं. काही रेडिओंना हिरवा चमकणारा ‘जादूचा डोळा’ असायचा. केंद्र नेमकं लागलं, की त्या डोळ्यातली काळी फट मिटत यायची.

छताखाली किंवा अंगणात तारेचा अँटेना ताणलेला असायचा. रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, तो पोस्टात मिळायचा. वीज नसलेल्या गावात मोठ्या कोरड्या बॅटऱ्यांवर चालणारे रेडिओ वापरत. मात्र जगात बदल सुरू झाला होता. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता आणि १९५५ मध्येच जपानमधल्या एका छोट्या कंपनीनं ‘सोनी’ या नावानं आपला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला काढला. ना तापणारी काचनळी, ना अर्धा मिनिट थांबणं. पुढे असा रेडिओ खांद्याला लटकावून माणसं शेतात जायला लागली.

रेडिओ लहरी आजही आपल्या रोजच्या कामात आहेत. एमआरआय यंत्र पाहिलंत का कधी? पोटातलं, मेंदूतलं चित्र काढणारं ते मोठं बोगद्यासारखं यंत्र? तेही रेडिओ लहरींवरच चालतं. शक्तिशाली चुंबकाच्या मध्ये झोपलेल्या माणसाच्या शरीरावर रेडिओ लहरी सोडतात. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू त्यांना उत्तर देतात आणि त्या उत्तरावरून चित्र तयार होतं. १.५ टेस्ला ताकदीच्या यंत्रात ही लहर सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा थरथरते. गाणं पोचवणारं विज्ञान आता आजार शोधायलाही मदत करतं!

करून पाहा

१. घरात, नाहीतर शेजारी, जुना रेडिओ असेल तर बघा. त्यावर ‘एमडब्ल्यू’ लिहिलेलं असेल तर त्याला मध्यम लहरी ऐकता येतात. दुपारी १२ वाजता काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि किती केंद्रं लागली ते लिहा. रात्री ९ वाजता तेच करा. दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. सूर्यानं दिवसा किती केंद्रं अडवली, ते तुमच्या वहीत उतरेल.

२. एखादं अंधुक केंद्र लागलं, की रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवा. आवाज वाढेल किंवा कमी होईल. कारण आतला अँटेना म्हणजे फेराइटची कांडी, आणि ती एका दिशेच्या लहरी जास्त चांगल्या पकडते. केंद्र तुमच्यापासून कुठल्या बाजूला आहे, हे त्यावरून ओळखता येतं का पाहा.

३. पावसाळ्याच्या सुरुवातीला विजा चमकतात, तेव्हा घरातच, खिडकीपासून दूर बसून बॅटरीवरचा रेडिओ मध्यम लहरींवर लावा. वीज चमकली की लगेच ‘खर्र’ ऐकू येईल. वीज स्वतःच रेडिओ लहरी सोडते! त्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा. वीज किती लांब पडली ते कळेल.

४. कालनिर्णय काढा. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. त्या वर्षीची रामनवमी आणि २०२७ ची रामनवमी शोधा आणि मधले दिवस मोजा. गदिमा आज दर आठवड्याला एक गाणं लिहीत असते, तर किती गाणी झाली असती?

आणि पाचवं काम सगळ्यांत महत्त्वाचं, त्याला जरा घाई करायला हवी. १९५५ साली जी मुलं दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरातली आजी-आजोबा आहेत. सावंगीत, वर्ध्यात, सेवाग्रामात, तुमच्या स्वतःच्या घरात अशी माणसं असतील. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: तुमच्या गावात पहिला रेडिओ कुणाकडे आला? तो विजेवर चालायचा की बॅटरीवर? कुठलं केंद्र लागायचं? दिवसा काय ऐकायचात, रात्री काय? ‘गीतरामायण’ पहिल्यांदा कुठे ऐकलंत? गावाचं नाव, अंदाजे साल, दिवस की रात्र, हे सगळं लिहून घ्या. मग महाराष्ट्राचा नकाशा काढून त्या गावांवर टिंबं द्या, दिवसाची पिवळी आणि रात्रीची निळी. पाच-दहा आजी-आजोबांशी बोलून झालं, की १९५५ चा आवाज कुठवर पोचत होता याचा नकाशा तुमच्या हातात असेल, आणि तो तुम्ही स्वतः बनवलेला असेल.